लहान विद्यापीठात सिस्टिम्स थिअरीचा (एकमेकांवर परिणाम करणारे घटक मिळून कसे वागतात, याच्या अभ्यासाचा) विभागच नाही, तरी पदवीला असताना हा विषय शिकता येईल का?

येईल. मोठ्या विद्यापीठांतही बहुतेक ठिकाणी त्या नावाचा विभाग सापडत नाही. विषय विखुरलेला आहे: कंट्रोल सिस्टिम्स इलेक्ट्रिकलमध्ये, परिसंस्था जीवशास्त्रात, ऑपरेशन्स रिसर्च व्यवस्थापनात. लहान ठिकाणी प्राध्यापक गाठणं सोपं असतं, तेव्हा दुसऱ्या विभागाच्या वर्गात बसायची परवानगी बिनधास्त मागा.

गणित मात्र टाळू नका. रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं आणि संभाव्यता झाली नसतील, तर 'सगळं सगळ्याशी जोडलेलं असतं' यापलीकडे गाडी जात नाही. या विषयावरचं निम्मं लेखन तिथेच अडकलेलं आहे, हे माझं मत.

खरी समज मॉडेल बांधताना येते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांचं 1927 चं साथीच्या रोगांचं गणिती मॉडेल घ्या. त्याचं सोपं रूप तीनच समीकरणांचं: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, बरे झालेले. पायथॉनमध्ये पन्नासेक ओळींत होतं. प्रसाराचा दर थोडा थोडा कमी करत न्या; एका मर्यादेखाली साथ पसरतच नाही. ती मर्यादा कुठून येते, हे आधी कागदावर काढून बघा. मग लागण आणि तिची नोंद यांत काही दिवसांचा विलंब घाला आणि नोंदी पाहून निर्बंध लावा-उठवा. आलेख हेलकावे खायला लागतो. फीडबॅक (परिणामाने उलट कारणावरच परिणाम करणं) आणि विलंब एकत्र आले की काय होतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असाच घ्या. मार्गदर्शक गणिताचा असला तरी चालेल, विषयाचं नाव त्याला आवडेल तसं ठेवा!