फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना जनतेच्या पैशांवर वर्षानुवर्षे का पोसायचे?

प्रश्नकर्त्याने हिशेब विचारला आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो. देशभरातील तुरुंगांत पाच लाखांहून अधिक बंदी आहेत आणि त्यांपैकी फाशीची शिक्षा झालेले काही शेच, म्हणजे ढोबळमानाने हजारामागे एक. त्या सर्वांना उद्या फासावर चढवले तरी तुरुंग खात्याच्या खर्चात नजरेत भरेल एवढी घट होणार नाही. सुमारे तीन-चतुर्थांश बंदी मात्र असे आहेत की, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. पैसा मुरतो तो तिथे. एवढे साधे गणित न करता जे लोक कैद्याच्या ताटातल्या पोळ्या मोजतात, त्यांचा मला मनापासून राग येतो, आणि त्याला कारण आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाचा पोलीस पाटील होतो. आमच्या शिवारात धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून एका शेतकऱ्याचा कुऱ्हाडीने खून झाला. आरोपी दोन झाले : धुऱ्यापलीकडचा शेतमालक आणि त्याचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. मालकाने कुऱ्हाड उचललेली पाहताच हा सालदार शेतातून धावत माझ्या दारात आला होता आणि आम्ही दोघे परत पोहोचलो तेव्हा घाव बसून गेलेले होते. जखमीला खांद्यावर घेऊन बैलगाडीत त्यानेच घातले. त्या वेळी सदऱ्याला लागलेले रक्त पुढे त्याच्याचविरुद्धचा पुरावा झाले, कारण मृताच्या भावाने रागाच्या भरात फिर्यादीत दोघांचीही नावे दिली होती. मी जबाबात सर्व सांगितले. तरीही दोषारोपपत्रात त्याचे नाव राहिले. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला आणि नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाण्याइतके पैसे त्याच्या आईजवळ नव्हते. मी तिला मुलाखतीसाठी यवतमाळच्या कारागृहात घेऊन गेलो, तेव्हा फडक्यात बांधून आणलेली भाकर आणि ठेचा फाटकावरच परत करण्यात आला. तुरुंगात लाड होतात असे ज्यांना वाटते त्यांनी मुलाखतीच्या दिवशी त्या फाटकाबाहेर उभे राहून पाहावे.

माझे साडभाऊ तालुक्याला कृषी केंद्र चालवतात. लग्न असो की तेरवी, पंगत उठली की त्यांचे एकच ठरलेले असे : "त्यायले फुकट कायले पोसाचं? दोघायलेबी लटकवा न् मोकळे व्हा." मी सालदाराची बाजू सांगू लागलो की, आपण कर भरतो तो खुन्यांच्या जेवणासाठी नाही, असे ते चार लोकांत ऐकवीत. पुढे मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यानंतर त्यांना कसाबच्या बिर्याणीचे उदाहरण मिळाले. ती बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये स्वतः सांगितले. साडभाऊंनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

सुनावणी उभी राहायला अनेक वर्षे गेली. मुद्देमाल न्यायालयात उघडला तेव्हा लाखेची मोहोर शाबूत होती, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी मात्र पिवळी पडली होती. सदरा पसरून ठेवला गेला. पोटावर-छातीवर रक्ताचा शिंतोडाही नव्हता. डाग होते ते उजव्या खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागावर आणि बाहीच्या आतल्या बाजूला, माणूस खांद्यावर टाकून नेताना लागतात तसे. मोफत विधी सेवेकडून मिळालेल्या तरुण वकिलाने मला नेमके तेवढेच विचारले आणि मी नेमके तेवढेच सांगितले. एक पंच दरम्यान फितूर झाला होता, त्यामुळे ती साक्ष महत्त्वाची ठरली, याचा मला आजही अभिमान आहे. सालदार निर्दोष सुटला, मालकाला जन्मठेप झाली. साडभाऊंच्या मताने कारभार चालला असता, तर तो सदरा उघडण्याआधीच निकाल लागला असता.

हे केवळ आमच्या गावात घडले असे नाही. नाशिक जिल्ह्यातील 2003 च्या एका खून व बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहाही जणांना पुन्हा दिली आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेली माणसे वेगळीच होती. ज्या वर्षांना प्रश्नकर्ता 'पोसणे' म्हणतो, त्याच वर्षांमुळे ते सहा जण जिवंत बाहेर आले.

सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार आणि दयेचा अर्ज असतो, हे सर्वांना माहीत आहे. दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, हे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तेव्हा रेंगाळण्याबद्दल जाब विचारायचाच असेल तर तो फाईल दाबून बसणाऱ्यांना विचारावा. सक्तमजुरीचा बंदी बसून खात नाही, हेही लक्षात घ्यावे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या खुल्या कारागृहातले बंदी शेती करतात. बंद्यांच्या मजुरीबाबतच्या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मजुरीचा काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याची तरतूद करण्यास सांगितले होते. पैशांचीच चर्चा करायची तर ती इथून सुरू व्हावी, कारण आमच्या गावातील मृताची पत्नी ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून तारखेला जात असे आणि साक्षीदार फिरकला नाही की पुढची तारीख घेऊन संध्याकाळच्या एसटीने परतत असे. तो खर्च कोणाच्याही अंदाजपत्रकात येत नाही आणि साडभाऊंच्या पंगतीतल्या भाषणातही कधी आला नाही.

मी वकील नाही आणि फाशीला सरसकट विरोध करणाराही नाही. खैरलांजीच्या दलित हत्याकांडाच्या खटल्यात भंडारा न्यायालयाने 2008 मध्ये दिलेल्या सहा फाशीच्या शिक्षा 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने 25 वर्षांच्या जन्मठेपेत बदलल्या, तेव्हा मलाही ते पटले नव्हते. फाशी मागायची असेल तर गुन्ह्याच्या क्रौर्यासाठी मागावी. त्यावर माझ्याशी कोणीही तासभर वाद घालावा, मी बसेन. भाजी-पोळीच्या खर्चासाठी कोणी ती मागू लागला, तर मी त्याच्याशी बोलत नाही. साडभाऊंशी मी या विषयावर बोलणे कधीच सोडले आहे. प्रश्नकर्त्याने यवतमाळला येऊन सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस बसावे आणि पेशीला आलेल्या बायांना विचारावे की, आज त्यांचे किती रुपये बुडाले.