तांत्रिक सिरॅमिक : वाचकांचे प्रश्न

थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची नळी १६०० अंशांपर्यंत चालते असं सांगून मिळाली. १२०० अंशांच्या भट्टीत घालताच तडकली. माल खराब होता का?

बहुधा नाही. १६०० हा आकडा सावकाश तापवलेल्या नळीचा. एकाएकी बसणारा चटका ही निराळी गोष्ट आहे, आणि दाट ॲल्युमिनाला साधारण २०० अंशांचा अचानक फरकही जड जातो. तापलेला भाग पसरू बघतो, शेजारचा थंड भाग त्याला अडवतो आणि स्वतः ताणला जातो. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण फार थोडा.

नळी थंड भट्टीतच बसवणं सगळ्यांत चांगलं. ते जमत नसेल तर मिनिटाला २-३ सेंटीमीटर अशी आत सरकवा. बाहेर काढताना तर जास्तच जपा : निवताना पृष्ठभाग ताणला जातो आणि बारीक ओरखडेही तिथेच असतात. घाल-काढ रोजचीच असेल तर बाहेरून सिलिकॉन कार्बाइडची नळी चढवा.

तयार चकती ४० मिमी हवी. आक्रसण (भाजताना तुकडा लहान होणं) १७ टक्के धरून डाय, म्हणजे पावडर दाबायचा साचा, ४६.८ मिमीची केली, पण चकती लहान निघाली.

ही चूक फार जणांकडून होते. आक्रसणाची टक्केवारी कच्च्या, म्हणजे भाजण्याआधीच्या मापावर असते, तयार मापावर नाही. म्हणून ४० ला ०.८३ ने भागायचं : डाय ४८.२ मिमी. तुमच्या डायमधून ३८.८ च्या आसपासच माप मिळणार.

शिवाय १७ हा आकडा कायमचा नाही. बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) वगळून कच्ची घनता २.२५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि भाजल्यावर ३.९ असेल, तर त्यांच्या भागाकाराचं घनमूळ ०.८३ येतं. प्रेसचा दाब वाढून कच्ची घनता २.३५ झाली की आक्रसण १५.५ टक्क्यांवर उतरतं आणि त्याच ४८.२ च्या डायमधून ४०.७ मिमीची चकती निघते. तेव्हा डाय कापण्याआधी स्वतःच्या पावडरीचे, स्वतःच्या दाबावर दहा तुकडे भाजून मोजा. व्यासाला अर्धा मिलिमीटर घासाईसाठी ठेवायचा तर तो आधी ४० मध्ये मिळवा, मग भागा. जादा माप डायमंड चाकाने उतरवता येतं. कमी पडलेला तुकडा भंगारातच जातो.

कॉस्टिक सोड्याच्या पंपात सिलिकॉन कार्बाइडचं सील खडबडीत होऊन गळायला लागलं.

ते रिॲक्शन बाँडेड, म्हणजे वितळलेलं सिलिकॉन मुरवून केलेल्या प्रकारचं असावं. त्यात साधारण ८ ते १५ टक्के मोकळं सिलिकॉन उरलेलं असतं. कॉस्टिक तेच विरघळवतं आणि मागे कार्बाइडचा सच्छिद्र सांगाडा राहतो. ऑर्डरमध्ये नुसतं ‘सिलिकॉन कार्बाइड’ लिहू नका. ‘सिंटर्ड, मोकळं सिलिकॉन नसलेलं’ असं स्पष्ट लिहा; सिंटर्ड म्हणजे नुसती पावडर भाजून घट्ट केलेलं.

२०० अंशांच्या वाफेत झिरकोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) प्लंजर, म्हणजे पंपातला पुढेमागे सरकणारा दांडा, चालेल?

नेहमीचा ३ मोल टक्के यिट्रियाचा (स्फटिकरचना स्थिर ठेवायला मिसळलेलं यिट्रियम ऑक्साइड) असेल तर नको. त्या तापमानाला ओलाव्यात त्याची स्फटिकरचना पृष्ठभागापासून बदलत जाते, घनफळ सुमारे ४ टक्के वाढतं आणि सूक्ष्म तडे आत शिरतात. थंड पाण्यात मात्र तोच प्लंजर उत्तम टिकतो. वाफेसाठी ॲल्युमिना घ्या.