रस तोच, ढेप वेगळी

झिंक नायट्रेट तेच, कॉस्टिक सोडा तोच, मापही तेच. मागच्या महिन्यात झिंक ऑक्साइडच्या सुरेख षटकोनी कांड्या मिळाल्या, या वेळी नुसते गोळे. चुकलं कुठं? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी)

सोडा किती वेळात ओतलात, ते पत्रात नाही. आपल्याकडच्या गुळव्याला विचारा: रस तोच, काहील तीच, पण पाक उतरवायला जरा उशीर झाला की ढेप बिघडली. सोडा भसकन ओतला की एकदम असंख्य बीजकण (ज्यांच्याभोवती स्फटिक वाढतो ते ठिपके) तयार होतात, जस्त त्यांच्यातच वाटून संपतं आणि ते बारके कण एकमेकांना चिकटून बसतात. थेंबथेंब सोडला तर बीजं कमीच तयार होतात. मग हा स्फटिक मुळातच एका अक्षावर भरभर वाढणारा असल्यानं कांडी होते. कांड्याच हव्यात तर सोड्याऐवजी हेक्सामीन घ्या. 90 अंशांच्या आसपास ते हळूहळू फुटतं आणि सोड्याचं काम करणारा अमोनिया पुरवत राहतं; हाताच्या घाईचा प्रश्नच मिटतो. माझ्या जुन्या वहीत एका नमुन्यापुढं ‘सोडा घातला’ एवढंच लिहिलंय. तो नमुना मला पुन्हा कधीच जमला नाही.

रंगाच्या दुकानातून टायटॅनियम डायऑक्साइड आणून पाण्याचा रंग उन्हात उतरावा म्हणून रंगीत सांडपाण्यात टाकला, दिवसभर उन्हात ठेवला. पाणी जसंच्या तसं! (प्रोसेसवाले, इचलकरंजी)

ती पूड बहुधा रुटाइल या स्फटिकरूपाची, वर सिलिका-अॅल्युमिनाचा लेप दिलेली. लेप नसता तर भिंतीवरचा रंगच उन्हानं खडूसारखा झडला असता! तुम्हाला हवा अॅनाटेज, म्हणजे त्याचंच दुसरं स्फटिकरूप. सोल-जेल पद्धतीनं (द्रावणाचा जेल करून) बनवून 400 ते 500 अंशांवर भाजला की मिळतो. भट्टी 800 वर नेलीत तर त्याचा रुटाइल होतो, कण फुगतात, पृष्ठफळ घटतं. तरी अॅनाटेजचा बँड गॅप (त्यातला इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी किमान ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे कामाला येतो तो फक्त अतिनील प्रकाश, आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. गडद पाण्यात तोही वरच्या थरातच अडतो. उथळ परातीत प्रयोग जरूर करा. अख्ख्या युनिटचं पाणी यावर सोडायचा विचार मात्र मी करणार नाही.

मॅग्नेटाइटची (चुंबकीय लोह ऑक्साइडची) काळीभोर पूड ओव्हनमध्ये तांबूस झाली. (कागल)

हवा लागली. लोहाचे फेरस आणि फेरिक क्षार 1:2 घेता, पण फेरस वाटेतच ऑक्सिडाइज होतं. पाणी आधी उकळून गार करा, त्यातून नायट्रोजन वायू जाऊ द्या, पूड निर्वातात वाळवा. तपकिरी पूड चुंबकाला धावून चिकटत असेल तर मॅगहेमाइट, तोही लोह ऑक्साइडच. लाल होऊन सुस्त पडली असेल तर हेमाटाइट.

झिंक ऑक्साइडचे कण 25 नॅनोमीटरचे, बँड गॅप थोडा वाढलेला. ‘क्वांटम परिणाम’ लिहू का? (संशोधक विद्यार्थी, गडहिंग्लज)

नको. कण फारच बारीक झाला की बँड गॅप वाढतो, तो हा परिणाम; या पदार्थात तो साधारण सात-आठ नॅनोमीटरच्या खालीच ठळक दिसतो. शिवाय 25 हा आकडा एक्स-रे आलेखावरून शेररच्या सूत्रानं काढला असेल, तर मिळतो तो स्फटिकखंडाचा आकार. अख्खा कण त्याहून मोठा असू शकतो. बँड गॅप काढायच्या टॉक आलेखावर पट्टी कुठं टेकवली होती, ते आधी बघा.