‘गरिबाची पोरं वाया जाणारच’ : या वाक्यावर करिअर होईल का?

प्रिय विद्यार्थिनी,

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत, तू मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची शिकवणी. वर्गात कुणीतरी म्हणालं, ‘गरिबाची पोरं वाया जाणारच, संशोधनच सांगतंय.’ तुझं डोकं फिरलं. याच विषयात पुढं काही करता येईल का, असं विचारतेस.

येईल. पण आधी संशोधन खरंच काय सांगतं ते बघ. 2015 मध्ये पिओत्रोव्स्का आणि सहकाऱ्यांनी 133 अभ्यासांचे आकडे एकत्र केले. घरची परिस्थिती आणि मुलांचं समाजविघातक वर्तन यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून बदलतात याचा आकडा, उणे एक ते एक) निघाला साधारण उणे 0.1; उणे म्हणजे परिस्थिती जितकी खालची, तितकं असं वर्तन थोडं जास्त. त्याचा वर्ग कर, 0.01. मुलामुलांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम एक टक्का घरच्या परिस्थितीशी जुळतो. संबंध आहे, पण ‘जाणारच’ म्हणण्याइतका नाही. शिवाय पालक-शिक्षकांनी माहिती दिली तिथं तो जास्त दिसला, मुलांनी स्वतः सांगितलं तिथं कमी. शाळेत काच फुटली की पहिलं नाव कुणाचं घेतात, हे तुला मी काय सांगू? (अर्थात मुलंही स्वतःचं लपवतातच.)

दुसरा अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी लोकांच्या भागात कॅसिनो निघाला आणि नफ्याचा वाटा घरोघरी येऊ लागला. जेन कोस्टेलो यांचा गट तिथल्या मुलांच्या नोंदी आधीपासूनच ठेवत होता. जी घरं गरिबीतून वर आली, तिथल्या मुलांचा आडदांडपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका झाला. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. पैशानं बदललं काय, तर आईबापांना पोरांकडं बघायला सवड मिळाली. डबल ड्युटी करणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्या तुला यात नवल वाटणार नाही. उलट बाजूही वाच: स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना केली (घर तेच, पण लहानपणीचं उत्पन्न वेगवेगळं), तेव्हा बालपणीचं उत्पन्न आणि पुढची हिंसक गुन्हेगारी यांचा संबंध उरलाच नाही. हा वाद मिटलेला नाही, म्हणूनच इथं काम आहे.

आता तुझं. संख्याशास्त्राचा कंटाळा करतेस असं पत्रातच लिहिलंयस. तो सोडावा लागेल, त्यात सवलत नाही. संशोधन करायचं तर एम.ए. आणि मग पीएच.डी. मुलांसोबत प्रत्यक्ष काम करायचं तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. ते कोल्हापुरात सायबर या संस्थेतही होतं. कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, पण त्यासाठी मुलांच्या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव किंवा बालमानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयातली पदवी आणि व्यवसाय लागतो. ते पुढचं.

मला विचारशील तर दोन वर्षं प्रत्यक्ष काम कर, मग संशोधनाचं ठरव. तोवर शिकवणीत वही ठेव: भांडण कधी झालं, कशावरून झालं, आणि ते तुला कुणी सांगितलं. पोरांची नावं मात्र त्यात लिहू नकोस.