गोळी घेतली, म्हणजे गर्भ पाडला का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी भांडुपला राहते. वय २९, मुलगी अडीच वर्षांची. पाळी २८-३० दिवसांनी येते, या महिन्यात २ तारखेला आली. १३ तारखेच्या रात्री निरोध फाटला. सकाळी ऑफिसला जाताना स्टेशनजवळच्या मेडिकलमधून ७२ तासांवाली गोळी आणली आणि लोकल यायच्या आत घेतली. जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पोटातलं पाडलंस की गं!" तेव्हापासून झोप उडाली आहे. पुढे मूल राहायला अडचण येईल, अशी मिस्टरांना धास्ती. मी खरंच गर्भ पाडला का?

उत्तर : नाही, ताई. १४ तारखेच्या सकाळी पाडण्यासारखं पोटात काही नव्हतंच.

संबंध आला की त्याच रात्री गर्भ राहतो, असं लालबागच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या शिकल्यासवरलेल्या बायकाही धरून चालतात. तसं नसतं. शुक्रजंतू शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरतात. बीज मात्र अंडाशयातून सुटलं की जेमतेम दिवसभर टिकतं. तेवढ्यात दोघांची गाठ पडली तर गर्भनलिकेत फलन होतं, आणि बीज सुटल्यापासून साधारण ६ ते १० दिवसांनी ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. वैद्यकशास्त्र गर्भधारणा झाली असं म्हणतं ते तेव्हा. लघवीच्या तपासणीत दिसणारं एचसीजी हे संप्रेरकसुद्धा रुजल्यानंतरच आईच्या अंगात उतरतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, ती निव्वळ हिशोबाची सोय. त्यातल्या पहिल्या दोनेक आठवड्यांत गर्भ नसतोच.

आता तुमच्या तारखा बघा. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं, म्हणजे तुमचं १६ ते १८ तारखेच्या सुमारास. १३ च्या रात्रीचे शुक्रजंतू तोवर टिकले असते, तेव्हा धोका होता आणि तुम्ही गोळी घेतलीत ते योग्यच केलंत. या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम. बीज सुटण्याआधी शरीरात एलएच नावाचं संप्रेरक एकदम उसळतं. गोळी ती उसळी रोखते किंवा लांबवते. बीज बाहेर पडत नाही आणि वाट बघणारे शुक्रजंतू मरून जातात. बीज आधीच सुटलेलं असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. गोळी घेऊनही काही जणींना दिवस जातात, ते मुख्यतः यामुळेच. गर्भ रुजलेला असेल तर ही गोळी तो पाडत नाही, त्याला अपायही करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिथल्या अशा एका गोळीच्या माहितीपत्रकातून रुजण्यात अडथळा येऊ शकतो हा उल्लेखच काढून टाकायला मंजुरी दिली.

फलन झालं तिथेच जीव आला, असं कुणी मानतं. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, मी त्यात पडणार नाही. पण तसं धरलं तरी ही गोळी फलनाच्या आधीच काम करते. जाऊबाईंच्या मनात आहेत त्या गर्भपाताच्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. त्या वेगळ्या, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

मिस्टरांना सांगा, पुढे मूल राहायला या गोळीने काहीही बाधा येत नाही. उलट काळजी घ्यायची ती याच महिन्यात. गोळीने बीज लांबवलंय, ते पुढे कधीतरी सुटू शकतं, त्यामुळे पाळी येईपर्यंत निरोध वापराच. पाळी आठवडाभर मागेपुढे होईल. त्याहून लांबली तर तपासणी करा.

इतर वाचकांसाठीही सांगते. पाकिटावर ७२ आकडा आहे म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघणाऱ्या मुली भेटतात तेव्हा जीव तुटतो. जितक्या लवकर घ्याल तितकी ती जास्त लागू पडते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. मुंबईत टीबीचे रुग्ण कमी नाहीत, त्यामुळे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि ताई, दुसरं मूल इतक्यात नको असेल तर महापालिकेच्या प्रसूतिगृहात तांबीची चौकशी करा. ३८०ए तांबी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात.