सिलिंडरमध्ये काय आहे, ते तिनं स्वतः मोजावं

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दादरच्या पालिकेच्या तलावात पोहते. दिवाळीत तारकर्लीला स्कूबा केलं, तेव्हापासून इन्स्ट्रक्टरच व्हायचं म्हणते. पुढे लडाखच्या तलावांत नायट्रॉक्सवर डायव्हिंग करायचंय तिला. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन जास्त, म्हणजे विरळ हवेत ते सुरक्षितच ना? – एक आई, भांडुप

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू. नायट्रॉक्स हा विरळ हवेवरचा उपाय नाही. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, नायट्रॉक्समध्ये बहुधा 32 किंवा 36. तेवढा नायट्रोजन कमी, म्हणून पाण्याखाली तो अंगात कमी मुरतो; मुरलेला नायट्रोजन दाब कमी झाला की अंगात बुडबुडे करतो. फायदा एवढाच. खोलवर मात्र हाच जादा ऑक्सिजन विषारी ठरतो, झटके येऊन माणूस बुडू शकतो. म्हणूनच 32 टक्क्यांवर समुद्रात साधारण 33 मीटरखाली जात नाहीत.

उंचीवर हिशेब आणखी बदलतो. लेह 3500 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच. तिथली 10 मीटरची डाइव्ह नायट्रोजनच्या हिशेबात समुद्रातल्या 15 मीटरसारखी धरावी लागते. शिवाय मुंबईहून विमानानं गेलेल्याच्या अंगात इथल्या दाबाचा नायट्रोजन असतो, त्यामुळे पोचल्या पोचल्या पाण्यात उतरायचं नाही.

मला जास्त काळजी ॲनालायझरची, म्हणजे सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची वाटते. समजा, तिनं तो भांडुपला घरच्या हवेत 20.9 वर सेट केला आणि लेहला तसाच 32 टक्क्यांच्या सिलिंडरला लावला. आकडा येईल 21च्या आसपास! सेन्सर टक्के मोजतच नाही, तो ऑक्सिजनचा दाब मोजतो. साधी हवा आहे असं समजून पोरगी खोल जाईल. तिथल्याच हवेत पुन्हा सेट केला की खरे 32 दिसतात. भरणाऱ्यानं कितीही छातीठोक सांगितलं तरी मोजायचं स्वतः, आणि टक्के, कमाल खोली, तारीख टेपवर लिहून सिलिंडरला चिकटवायची.

हे सगळं अकरावीच्या केमिस्ट्रीतल्या डाल्टनच्या नियमावर चालतं. तेव्हा अभ्यास आणि डायव्हिंग वेगळं नाही, हे तिला सांगा.

ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू या कोर्सच्या क्रमानं जाऊ द्या. डाइव्हमास्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या आधीची व्यावसायिक पायरी, 18 पूर्ण झाल्यावर. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या डाइव्हमास्टरला 60 डाइव्ह लागतात, इन्स्ट्रक्टरला 100. नायट्रॉक्स आणि उंचीवरचं डायव्हिंग यांचे कोर्स वेगळे असतात, लडाख त्यानंतर. पगाराचं काम मालवण-तारकर्ली आणि अंदमानातच जास्त, म्हणून पदवी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि उंची म्हणजे फक्त लडाख नव्हे. पुढच्या खेपेला तारकर्लीला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीला मुक्कामाला जाऊ नका. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, आणि डायव्हिंगमध्ये 300 मीटरच्या वर उंचीचे नियम लागू होतात. रात्र मालवणातच काढा.