मुख्य प्रशिक्षकपदापर्यंतची वाट

प्रश्न : अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक होण्यापूर्वी कोणती कामे करावी लागतात?

उत्तर : अनेकांची सुरुवात पदव्युत्तर शिक्षण घेत संघाला साहाय्य करण्यापासून होते, सामन्यांच्या चित्रफिती तपासणे, प्रवासाची व्यवस्था पाहणे ही कामे प्रेक्षकांना दिसत नाहीत, परंतु प्रतिस्पर्ध्याचा खेळ ओळखण्याची नजर, माझ्या मते, तिथेच घडते. साहाय्यक प्रशिक्षकावर मग शालेय खेळाडूंना संघाकडे वळवण्याची मोठी जबाबदारी येते. ड्यूक विद्यापीठाच्या २०१० मधील विजेत्या संघाचे खेळाडू जॉन शायर २०१३ मध्ये तिथल्याच प्रशिक्षकवर्गात रुजू झाले आणि २०२२ मध्ये माइक शिशेव्हस्की निवृत्त झाल्यावर मुख्य प्रशिक्षक बनले. एकाच ठिकाणी अशी बढती मिळणे विरळच. बहुतेकांना त्यासाठी विद्यापीठे बदलत राहावी लागतात.